गाण्याची ओळ कानाने वाचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात, स्वतः गाणी लिहून स्वतःच ती गाणाऱ्या जगभरच्या गीतकारांवर एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला पानभर जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला आणि तो आधी नोंदवतो. मात्र त्या लेखाचा मुख्य दावा मला मान्य नाही. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, या मंडळींची गाणी चालीवर तरून जातात. चाल काढून घेऊन ओळी कागदावर मांडल्या की त्या विरळ, पुनरुक्त आणि कधी कधी बाळबोधही वाटतात, आणि म्हणून २०१६ साली अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक देणे ही चूकच होती. पुराव्यादाखल लेखासोबत कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांच्या ‘हालेलुया’ (म्हणजे ‘देवाची स्तुती करा’ हा बायबलमधला उद्गार) या गाण्याचा मराठी अनुवाद एका चौकटीत छापला होता. त्या चौकटीबद्दल मला शेवटी वेगळे लिहायचे आहे.

लेखकाच्या म्हणण्यात जे खरे आहे ते आधी मान्य करतो. लोकप्रिय गाण्यांपैकी पुष्कळांचे शब्द चालीतल्या रिकाम्या जागा भरण्यापुरते लिहिलेले असतात आणि गाणे संपले की ते विसरले जातात. त्यांची बाजू घेण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. माझे म्हणणे त्या मोजक्या गीतकारांविषयी आहे, ज्यांचे शब्द त्यांच्या संगीताइतकेच तोलामोलाचे आहेत आणि ज्यांची नावे त्या लेखातही आली होती. त्यांच्या बाबतीत चाल काढून घेऊन शब्द तपासण्याची कसोटीच चुकीची आहे. विणलेल्या कापडातला बाणा उपसून काढायचा आणि उरलेल्या ताण्याकडे बोट दाखवून ‘यात वीण कुठे आहे?’ असे विचारायचे, तसे ते होते.

या कसोटीचे मूळ आपल्या एका सवयीत आहे, असे मला वाटते. ‘गीत अमक्यांचे, संगीत तमक्यांचे आणि स्वर आणखी कुणाचा’ अशी तीन नावे ऐकतच आपण वाढलो. तयार कवितेला चाल लावायची किंवा तयार चालीवर शब्द बसवायचे, या दोन्ही पद्धती आपल्याला परिचयाच्या आहेत आणि दोन्हींत एक गोष्ट आधी होते, दुसरी मागून येते. त्यामुळे शब्दांना वेगळे गुण, चालीला वेगळे गुण आणि गळ्याला वेगळे, असा हिशेब करणे आपल्याला स्वाभाविक वाटते. खरे तर शब्द आणि सूर यांचे नाते आपल्याकडे अतिशय बारकाईने तपासले गेले आहे. यशवंत देव यांनी तर ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाचे पुस्तकच लिहिले. परंतु ज्या माणसाच्या डोक्यात ओळ आणि तिची चाल एकमेकींना घडवत येतात, त्याच्या गाण्याला हे तीन रकाने लावले की हिशेब चुकतो. तिथे शब्दाने जे बोलायचे टाळलेले असते ते चाल बोलते, आणि चाल जिथे मुद्दाम साधी राहते तिथे शब्द पुढे येतो. यातला एकच रकाना वाचणाऱ्याला ओळ विरळ वाटणारच.

चौकटीतल्या गाण्याचेच उदाहरण घेतो. कोहेन हे गायक होण्याआधी कवी होते. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९५६ साली निघाला, नंतर कादंबऱ्याही आल्या, आणि पहिला अल्बम १९६७ च्या अखेरीस, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी आला. कागदावर उभी राहणारी ओळ कशी लिहायची हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही त्यांनी ‘हालेलुया’ लिहायला वर्षे घालवली, कितीतरी कडवी लिहून बाजूला ठेवली आणि १९८४ साली ते गाणे अखेर ध्वनिमुद्रित झाले. पहिल्या कडव्यात ते बायबलमधल्या दावीद राजाच्या एका गुप्त स्वरमेळाविषयी सांगतात आणि मग तो स्वरमेळ कसा जातो हे सांगताना चौथ्या स्वराचे, पाचव्याचे, एका मायनर (उदास छटेच्या) उतरणीचे आणि एका मेजर (उजळ छटेच्या) चढणीचे नाव घेतात. आता गिटारवर काय होते ते पाहा. ‘चौथा’ हा शब्द उच्चारताच साथीची स्वरसंगती मध्यमावर जाते, ‘पाचवा’ म्हणताच पंचमावर, ‘मायनर’ म्हणताच धैवतावरच्या मायनर संगतीवर उतरते आणि ‘मेजर’ म्हणताच पुन्हा मध्यमावरच्या मेजर संगतीवर येते. ओळ जे सांगते ते त्याच क्षणी ऐकणाऱ्याच्या कानात घडते. अनुवादात ही ओळ संगीताच्या क्रमिक पुस्तकातल्या वाक्यासारखी दिसते, हे लेखकाचे निरीक्षण बरोबरच आहे. पण त्या ओळीचा अर्थ ती घडण्यातच आहे आणि घडण्यासाठी तिला चाल हवी.

ज्याला हे उदाहरण फार तांत्रिक वाटेल त्याच्यासाठी दुसरे देतो. ब्राझीलमध्ये १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती आणि गाण्यांचे शब्द तपासणीसाठी सरकारी अधिकाऱ्यांपुढे ठेवावे लागत. १९७३ साली शिको बुआर्के आणि जिल्बेर्तो जिल या दोघांनी मिळून ‘कालिसी’ नावाचे गाणे लिहिले. या शब्दाचा अर्थ प्याला, आणि गाण्यात बायबलमधली ती विनवणी येते: हे पित्या, हा प्याला माझ्यापासून दूर कर. परंतु पोर्तुगीज भाषेत ‘गप्प बस’ या आज्ञेचा उच्चारही अगदी असाच होतो. लिहिताना दोन्हींची वर्णरचना वेगळी पडते, म्हणून कागदावर एका वेळी एकच शब्द दिसतो. ऐकताना मात्र दोन्ही एकदमच ऐकू येतात, आणि ‘हा प्याला दूर कर’ म्हणणारा माणूस त्याच श्वासात ‘ही गप्प बसण्याची आज्ञा दूर कर’ असेही म्हणत असतो. गाण्यावर बंदी आली. त्याच वर्षी एका कार्यक्रमात हे दोघे ते गायला उभे राहिले तेव्हा त्यांचे ध्वनिक्षेपक बंद करण्यात आले, आणि ध्वनिमुद्रण लोकांपर्यंत पोहोचायला १९७८ साल उजाडले. हे गाणे कागदावर वाचून त्याला गुण देणाऱ्या समीक्षकाच्या हाती एकच शब्द लागेल, आणि तोही त्यातला सौम्य.

याच बुआर्के यांचे ‘कॉन्स्त्रुसाँव’, म्हणजे ‘बांधकाम’, हे १९७१ चे गाणे मला फार जवळचे आहे. मला पोर्तुगीज येत नाही. शब्दकोश आणि एक अनुवाद शेजारी ठेवून मी ते गाणे वहीत उतरवून काढले आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली, तेव्हा कुठे त्याची घडण माझ्या ध्यानात आली. गोष्ट साधी आहे: बांधकामावरचा एक मजूर सकाळी बायकोमुलांचा निरोप घेऊन निघतो, दिवसभर भिंती रचतो, दुपारी जेवतो, पितो, तोल जाऊन वरून कोसळतो आणि रस्त्यात मरून पडतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी असा एक शब्द आहे की ज्याचा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो आणि पुढची दोन अक्षरे त्यामागून घरंगळत खाली येतात. ओळीमागून ओळ अशीच घरंगळते. पहिल्या भागाच्या शेवटी, चुकीच्या बाजूला मरून पडलेल्या या माणसाने वाहतूक अडवली, असे गीतकार सांगतो. मग तीच गोष्ट पुन्हा सुरू होते, ओळी जवळपास त्याच राहतात, पण शेवटचे शब्द आपापसांत जागा बदलतात. पहिल्या वेळी भित्र्या पावलांनी रस्ता ओलांडणारा मजूर आता झिंगलेल्या पावलांनी ओलांडतो, आणि मरतो तेव्हा त्याच्यामुळे लोकांचा खोळंबा होतो. तिसऱ्या, आखूड भागात पुन्हा अदलाबदल होते, आणि आता मेलेल्या माणसाने लोकांचा शनिवार अडवलेला असतो.

विटा त्याच ठेवून तीन वेळा भिंत रचावी आणि तिन्ही वेळा निराळे घर उभे राहावे, तसे हे गाणे आहे. त्याची चाल जवळजवळ जागची हलत नाही. थोड्याशा स्वरांभोवती ती फिरत राहते, बदलतात ते शब्द, आणि मागून वाद्ये एकेक करून वाढत जातात, इतकी की शेवटी त्या साध्या चालीवर वाद्यमेळाचे ओझे येऊन पडते. कागदावर हे वाचणाऱ्याला पुनरुक्ती दिसेल. ऐकणाऱ्याला पहिल्या भागातला शब्द आठवत असतो, म्हणून दुसऱ्या भागात त्याच जागी भलताच शब्द आला की काळजात चर्र होते. ही आठवण ठेवण्याचे काम चाल करते, कारण ती न बदलता परत येते आणि बदललेल्या शब्दाकडे आपले लक्ष वळवते. बुआर्के यांना २०१९ साली पोर्तुगीज भाषेतल्या साहित्याचा सर्वोच्च मानला जाणारा कामोईश पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी कादंबऱ्या आणि नाटकेही लिहिली आहेत, परंतु त्यांच्या भाषेने त्यांना ओळखले ते आधी गाण्यांमुळे.

त्या लेखात रशियाच्या व्लादिमीर विसोत्स्की यांचा एका वाक्यात उल्लेख होता आणि त्यांचा आवाज घोगरा व ओबडधोबड असल्याचे म्हटले होते. यावर थोडे सांगतो. मराठीत ‘स्वर’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात: वर्णमालेतले अ-आ-इ-ई हेही स्वर आणि सा-रे-ग-म हेही स्वर. गाताना लांबवता येते ते स्वराक्षरच, म्हणून आपल्याकडे आकारात ताना घेतात आणि व्यंजनावर थांबणे हा दोष मानतात. विसोत्स्की नेमके व्यंजनांवर थांबत. र, ल, न ही अक्षरे ते ताणून धरत, इतकी की शब्द दाताओठांत अडकला आहे आणि माणूस तो जोर लावून बाहेर काढतो आहे असे वाटते. त्यांच्या गाण्यांतली माणसे युद्धात अडकलेली, तुरुंगातून आलेली, कड्यावर लटकलेली, मनातले बोलू न शकणारी आहेत. त्यांच्या तोंडी मोकळा आकार शोभला नसता. हयातीत त्यांच्या फार थोड्या कविता छापल्या गेल्या आणि गाणी पसरली ती मुख्यतः घरोघरच्या टेपरेकॉर्डरवरून, एका फितीवरून दुसऱ्या फितीवर उतरवत. २५ जुलै १९८० रोजी ते गेले तेव्हा मॉस्कोत ऑलिंपिक सामने चालू होते आणि वृत्तपत्रांनी या मृत्यूची फारशी दखल घेतली नाही, तरी अंत्यदर्शनासाठी प्रचंड गर्दी लोटली. ज्या कवीचे पुस्तक हाती पडले नव्हते त्याचे शब्द या लोकांना कानावाटे पाठ झाले होते.

कॅनडाच्या गीतकार-गायिका जोनी मिचेल यांच्याबद्दल मला जास्त लिहायला आवडले असते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या हातात जोर कमी राहिला, म्हणून त्या गिटारच्या तारा निराळ्या पद्धतीने लावून घेत, आणि त्यातून त्यांच्या गाण्यांना जे अनोखे स्वरमेळ मिळाले त्यांनी शब्दांनाही वेगळ्या वाटेला नेले. पण इथे एकच गोष्ट सांगतो. त्यांनी विशीत लिहिलेले ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणे तीन कडव्यांत ढगांकडे, मग प्रेमाकडे, मग आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहते आणि तिन्ही वेळा ‘मला हे काही खरे कळलेच नाही’ अशा कबुलीवर येऊन थांबते. १९६९ च्या ध्वनिमुद्रणात एकटी गिटार आहे, आवाज उंच आणि स्वच्छ आहे, आणि तरुण मुलीने आयुष्याबद्दल इतके जाणतेपणाने बोलावे याचे कौतुक वाटते. २००० साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी तेच गाणे मोठ्या वाद्यवृंदासह पुन्हा गायले. आता आवाज खाली उतरलेला आहे, त्यात खरखर आहे, गती संथ आहे, आणि ओळी त्याच असल्या तरी ‘कळलेच नाही’ म्हणणारा माणूस बदलला आहे. पहिल्या वेळी ते शब्द अंदाजाने म्हटलेले होते, दुसऱ्या वेळी अनुभवाने. दोन्ही गाण्यांचे शब्द कागदावर शेजारी शेजारी छापले तर दोन्ही पाने सारखीच दिसतील. मग या गाण्याचा मजकूर नेमका कोणता मानायचा, हे मला त्या लेखाच्या लेखकाकडून जाणून घ्यायचे आहे.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. शब्द आणि चाल इतके एकजीव असतील, तर फ्रान्सच्या जॉर्ज ब्रासाँस यांनी एकच चाल दोन निरनिराळ्या कवितांना कशी लावली? त्यांनी लुई आरागाँ यांची एक कविता आणि फ्रान्सिस झाम यांची एक प्रार्थना या दोन्ही एकाच चालीवर गायल्या, हे खरे आहे. पण त्या दोन्ही लागोपाठ ऐकून पाहाव्यात. पहिली कविता म्हणते की सुखी प्रेम असे नसतेच. दुसरीत दुखावलेल्या, मरणाऱ्या, ओझ्याखाली वाकलेल्या साऱ्यांच्या नावाने मेरीमातेला वंदन आहे. एक अश्रद्ध, दुसरी श्रद्धाळू. चाल एकच ठेवल्यामुळे ती दोन दुःखे एकमेकांना ओळखतात. स्वतः श्रद्धा न ठेवणाऱ्या ब्रासाँस यांना जे म्हणायचे होते ते त्या दोन्ही कवितांपैकी एकीतही लिहिलेले नाही, ते त्यांनी चालीतून म्हटले. १९६७ साली फ्रेंच अकादमीने त्यांना कवितेचा मोठा पुरस्कार दिला. म्हणजे गाणाऱ्या माणसाला कवी म्हणून गौरवण्याचा प्रश्न २०१६ मध्ये पहिल्यांदा उभा राहिला, हे लेखातले गृहीतकही टिकत नाही.

नोबेलपुरते बोलायचे, तरी ते टिकत नाही. १९१३ साली ज्यांना हे पारितोषिक मिळाले ते रवींद्रनाथ ठाकूर दोन हजारांहून अधिक गाण्यांचे कर्ते होते. ज्या इंग्रजी ‘गीतांजली’मुळे जग त्यांना ओळखू लागले, तिच्यातल्या अनेक रचना मुळात गाणीच होती, त्या इंग्रजीत गद्य होऊन आल्या, आणि चाल, छंद, यमक हे सारे बंगालीतच राहिले. मला ही गोष्ट नेहमी विचारात टाकते. त्या वेळी गाण्यांमधून गाणे काढून टाकल्यावर जे उरले त्याला साहित्याचा मान मिळाला आणि कुणी हरकत घेतली नाही. एकशे तीन वर्षांनी चालीसकट गाणी पुढे आली तेव्हा मात्र ती साहित्य आहेत की नाहीत यावर वाद झाला.

डिलन यांनी स्वतः आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितले आहे की गाणी साहित्यापेक्षा वेगळी असतात आणि ती वाचण्यासाठी नव्हे, गाण्यासाठी असतात. त्या लेखाच्या लेखकाने हे विधान आपल्या बाजूचा कबुलीजबाब म्हणून वापरले आहे. मला त्यात कबुली दिसत नाही, वाचकाला दिलेली सूचना दिसते. त्यांचे १९६२ मधले, वादळी पावसाचे भाकीत करणारे प्रसिद्ध गाणे घ्या. ते लिहिताना ते एकवीस वर्षांचे होते आणि त्यांनी ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या लोकगीताचा सांगाडा उचलला: आई मुलाला विचारते, कुठे गेला होतास, आणि मुलगा उत्तर देतो. कुठे होतास, काय पाहिलेस, काय ऐकलेस, कोण भेटले, आता काय करणार, असे पाच प्रश्न आणि पाच उत्तरे. मात्र उत्तरांच्या ओळींची संख्या सारखी नाही. कुठे पाच, कुठे सात, आणि शेवटच्या कडव्यात तर ओळींमागून ओळी येतच राहतात. हे कागदावर वेडेवाकडे दिसते आणि छंदाचा कच्चेपणा वाटू शकतो. ऐकताना काय होते? चालीचा एकच छोटा तुकडा प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा येतो, ध्रुवपद आता येईल असे वाटते आणि येत नाही, मुलाला आणखी काही सांगायचे असते, आणि ऐकणारा त्या आईसारखाच श्वास धरून बसतो. त्या गाण्याचे भय या अडवून धरलेल्या समेत आहे. स्टॉकहोमच्या नोबेल समारंभात गायिका पॅटी स्मिथ यांनी हेच गाणे गायले, मध्येच त्या अडखळल्या, माफी मागितली आणि पुन्हा सुरुवात केली. त्या अडखळण्याची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यात इतकेच दिसले की, आयुष्यभर गाणाऱ्या एका थोर कलावतीच्या गळ्यालाही हे शब्द हलके वाटत नाहीत.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. २०१८ साली अमेरिकेतले पुलित्झरचे संगीतासाठीचे पारितोषिक रॅप गाणारे केंड्रिक लामार यांना मिळाले, आणि त्यांची कला तर बोलण्याच्या लयीवर उभी आहे. एका वर्षी गायकाला साहित्याचा सन्मान मिळतो आणि दोनच वर्षांनी शब्दांच्या कारागिराला संगीताचा. मला यात कुठलाही गोंधळ वाटत नाही. ज्यांनी हे निर्णय घेतले त्यांनी बहुधा वाचण्यापेक्षा ऐकण्यावर जास्त वेळ दिला असावा.

आता पुनरुक्तीच्या आरोपाकडे आणि त्या चौकटीकडे येतो. लेखकाच्या मते ध्रुवपद ही कवितेच्या दृष्टीने वाया गेलेली जागा असते. मराठी वाचकाला हे पटावे याचे मला आश्चर्य वाटते, कारण अभंगाचे ध्रुवपद दर कडव्यानंतर नव्याने कानी पडते तेव्हा ते तेच राहत नाही, हा अनुभव आपल्या भाषेने शेकडो वर्षे घेतला आहे. चिलीच्या व्हिओलेता पार्रा यांचे १९६६ चे आयुष्याचे आभार मानणारे गाणे पाहा. प्रत्येक कडवे त्याच आभाराच्या ओळीने सुरू होते: डोळे दिलेस म्हणून, कान दिलेस म्हणून, ध्वनी आणि अक्षरे दिलीस म्हणून, थकलेल्या पायांची चाल दिलीस म्हणून, हृदय दिलेस म्हणून, हसू आणि रडू दिलेस म्हणून. पहिल्या आभारात प्रसन्नता आहे. थकलेल्या पायांपाशी येईपर्यंत त्याच ओळीत श्रम उतरतात, आणि हसू-रडू यांच्यापाशी पोहोचेपर्यंत ती ओळ निरोपासारखी वाटू लागते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, पार्रा यांनी आपले आयुष्य संपवले. पुढे अर्जेंटिनाच्या गायिका मेर्सेदेस सोसा यांच्या आवाजात हे गाणे जगभर गेले. त्यातली पहिली ओळ सहापैकी पाच वेळा गाळून ते छापले, तर उरेल ती शरीराच्या अवयवांची यादी.

आपल्या पुरवणीतल्या चौकटीत नेमके हेच झाले होते. ‘हालेलुया’चे ध्रुवपद एकाच शब्दाचे आहे, तो शब्द चार वेळा येतो, बाकी काही नाही. चौकटीत हे ध्रुवपद फक्त पहिल्या कडव्याखाली पूर्ण छापले होते आणि पुढच्या तिन्ही कडव्यांखाली नुसते ‘॥ध्रु.॥’ असे दिले होते. जागेची अडचण मी समजू शकतो. पण त्या गाण्यात तो शब्द पहिल्यांदा राजाच्या स्तोत्रातून येतो. दुसऱ्यांदा सौंदर्यापुढे हरलेल्या, सिंहासन मोडलेल्या आणि केस कापले गेलेल्या माणसाच्या ओठांतून तो जणू उपसून काढला जातो. तिसऱ्यांदा तो पवित्र असो वा भंगलेला, दोन्ही सारखेच, असे म्हणून येतो. आणि चौथ्यांदा, मला जमले तेवढे मी केले, ते पुरेसे नव्हते, आणि सारे बिघडले असले तरी गाण्याच्या देवापुढे उभे राहताना माझ्या जिभेवर याच्याखेरीज दुसरे काही नसेल, असे सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून येतो. चारही वेळा चाल तीच आहे. कोहेन यांनी ज्या शब्दावर वर्षे घालवली तो एकच शब्द ‘॥ध्रु.॥’खाली झाकला गेला आणि मग त्याच चौकटीकडे बोट दाखवून गाण्यात काही नाही असे म्हटले गेले.

त्या अनुवादकाविषयी माझी तक्रार नाही. अनुवाद नेटका होता. संपादक या नात्याने आपल्याला माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे गाण्याचे शब्द छापायचे असतील तेव्हा ध्रुवपद प्रत्येक कडव्याखाली पूर्ण छापावे, आणि कडव्या-कडव्यांत ओळींची संख्या कमीजास्त असेल तर मांडणी नीटस दिसावी म्हणून ती जुळवू नये. गाण्यावर लिहिणाऱ्या लेखकांना शक्य असेल तर चाल कुठे थांबते, कोणत्या अक्षरावर लांबते आणि कोणत्या शब्दाला वाट पाहायला लावते हेही दोन ओळींत लिहायला सांगावे. ‘हालेलुया’पुरते सांगायचे तर राहिलेल्या तीन कडव्यांखाली तो शब्द चार-चार वेळा, म्हणजे एकूण बारा वेळा, यायला हवा होता. एवढी जागा त्या चौकटीच्या समासात शिल्लक होती.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक